जहाज सुटले, माल अडकला

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गेली बावीस वर्षे निर्यातीची कागदपत्रे पाहतो. समुद्राशी माझा रोजचा संबंध असला तरी तो माझ्या टेबलावर येतो तो कागदाच्या रूपानेच: शिपिंग बिल, पॅकिंग लिस्ट, विम्याचे प्रमाणपत्र आणि सगळ्यांत महत्त्वाचे बिल ऑफ लेडिंग (माल वाहून नेण्यासाठी घेतल्याची जहाज कंपनीची पोच), ज्याला आम्ही सगळे नुसते ‘बीएल’ म्हणतो. २०२४च्या जानेवारीत आमचा इटलीतील जेनोव्याला जाणारा वीस फुटी कंटेनर न्हावाशेव्याहून वेळेवर निघाला आणि नऊ दिवसांनी जहाज कंपनीचा मेल आला. तांबड्या समुद्रातील परिस्थितीमुळे कंटेनर वाटेतल्या एका बंदरात उतरवून घेतला आहे, वाहतुकीचा करार तेथेच पूर्ण झाला असे समजावे आणि पुढची व्यवस्था मालाच्या मालकाने आपल्या खर्चाने करावी, असे त्यात लिहिले होते. जहाज दुसऱ्या फेरीला मोकळे झाले होते.

आमच्या मालकांनी मला दोन प्रश्न विचारले. पहिला, आपला माल कुणी पकडला आहे का? पकडला नव्हता, त्याला ओरखडाही उठला नव्हता. दुसरा, मग भरपाई कुणाकडून मिळणार? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी विम्याच्या कलमांवरून जुन्या युद्धांतील खटल्यांपर्यंत गेलो. तेथे मला जे सापडले ते असे की, ज्या प्रसंगाला आम्ही कार्यालयात ‘नवीनच भानगड’ म्हणत होतो, तो किमान दीडशे वर्षे जुना आहे, आणि त्यात जहाजाचे नशीब व मालाचे नशीब या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

नियम मुळात साधा आहे. दोन देशांचे युद्ध चालू असताना तिसऱ्या, तटस्थ देशाचे व्यापारी जहाज समुद्रावरून जाऊ शकते. मात्र युद्धात उतरलेल्या देशाची युद्धनौका त्याला थांबवू शकते, त्यावर आपला अधिकारी चढवून कागद तपासू शकते, आणि संशय आल्यास जहाज आपल्या बंदरात नेऊन तेथे माल उतरवून पाहू शकते. पकडलेले जहाज किंवा माल जप्त करायचा की सोडायचा, हे त्या नौकेचा कप्तान ठरवत नाही, तर प्राइझ कोर्ट नावाचे खास न्यायालय ठरवते. १८५६च्या पॅरिस जाहीरनाम्याने यात दोन मोठ्या सवलती दिल्या. तटस्थ निशाणाखाली शत्रूचा मालही सुरक्षित राहील आणि शत्रूच्या जहाजातला तटस्थाचा मालही सुरक्षित राहील. अपवाद फक्त युद्धनिषिद्ध मालाचा, म्हणजे शत्रूला युद्धात उपयोगी पडेल अशा मालाचा. त्याच जाहीरनाम्याने असेही ठरवले की नाकेबंदी ही केवळ कागदावर जाहीर करून चालणार नाही, ती प्रत्यक्ष जहाजे उभी करून राखावी लागेल.

हे नियम आपल्या दारात कसे चालले, याचे सर्वांत सुबक उदाहरण बंगालच्या उपसागरातले आहे. सप्टेंबर १९१४मध्ये जर्मनीची ‘एमडेन’ ही क्रूझर कलकत्त्याच्या मार्गावर एकामागून एक जहाजे पकडत होती. त्यांत ‘पोंटोपोरोस’ नावाचे ग्रीक जहाज होते. ग्रीस तेव्हा तटस्थ होता, पण जहाजात इंग्रजांसाठी चाललेला कोळसा होता आणि कोळसा म्हणजे युद्धनौकेचे अन्न, म्हणून ते जहाज जर्मनांनी आपल्याबरोबर ठेवून घेतले. त्याच दिवसांत ‘काबिंगा’ हे इंग्रजी जहाज सापडले. ते उघडउघड शत्रूचे होते, परंतु त्यातला माल अमेरिकन मालकीचा होता आणि अमेरिका त्या वेळी तटस्थ होती. जहाज बुडवले असते तर मालाची भरपाई जर्मनीच्या अंगावर आली असती. कप्तान फोन म्यूलर याने बुडवलेल्या इतर जहाजांवरची माणसे त्यात भरली आणि ‘काबिंगा’ सोडून दिले. एकाच आठवड्यात मालामुळे तटस्थ जहाज अडकले आणि मालामुळेच शत्रूचे जहाज सुटले. याच ‘एमडेन’ने २२ सप्टेंबरला मद्रासच्या तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्या, म्हणून ती आपल्याकडे लक्षात राहिली, मला मात्र तिच्या कप्तानाची कागद वाचण्याची सवय अधिक लक्षात राहिली आहे.

मराठवाड्याला समुद्र नाही, बंदर नाही, आणि निजामाच्या राज्यात असताना तर मुंबईला जाणाऱ्या मालाला आधी करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरून इंग्रजी हद्दीत शिरावे लागत असे. तरीही समुद्रावरच्या युद्धाची पहिली मोठी झळ, खरे तर पहिला मोठा नफा, या भागाला कापसातून कळला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि १९ एप्रिल १८६१ रोजी अब्राहम लिंकन यांनी अमेरिकेच्या दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. सुमारे साडेतीन हजार मैलांचा किनारा अडवायला त्यांच्याकडे सुरुवातीला पुरेशी जहाजेही नव्हती, पण नाकेबंदी हळूहळू घट्ट झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन रुई मिळेनाशी झाली आणि इंग्रज व्यापारी ज्याला सरसकट ‘सुरती’ म्हणून नाक मुरडत असत, त्या आपल्या आखूड धाग्याच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांचे साम्राज्य उभे राहिले आणि १८६५मध्ये अमेरिकेतील युद्ध संपताच ते कोसळलेही. मुंबईचा हा इतिहास पुष्कळांनी सांगितला आहे, त्यामुळे त्यावर मी थांबत नाही.

मला थांबायचे आहे ते त्याच युद्धातल्या ‘स्प्रिंगबॉक’ या इंग्रजी जहाजापाशी. ते लंडनहून बहामा बेटांतील नासाऊला चालले होते. एका तटस्थ बंदरातून दुसऱ्या तटस्थ बंदराकडे, तटस्थ निशाण लावून. १८६३च्या फेब्रुवारीत अमेरिकन युद्धनौकेने ते पकडले. मालात लष्करी गणवेशाची बटणे सापडली, आणि बीएलवर कितीतरी पेट्यांत काय आहे तेच लिहिलेले नव्हते. शिवाय माल ज्याच्याकडे जायचा त्या व्यक्तीच्या नावाच्या जागी ‘टू ऑर्डर’ असे शब्द होते. म्हणजे ज्याच्या हाती बीएल तो मालाचा धनी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, नासाऊ हा केवळ मधला थांबा आहे, माल शेवटी नाकेबंदी चुकवून दक्षिणेतच उतरायचा होता, तेव्हा हा सगळा एकच सलग प्रवास समजावा. जहाज मालकाला परत मिळाले. माल जप्त झाला.

हे वाचताना मी खुर्चीत सावरून बसलो, कारण ‘टू ऑर्डर’ हे शब्द मी आठवड्यातून निदान दहा वेळा टाइप करतो. बँकेच्या पतपत्रावर, म्हणजे कागद बरोबर असल्यास पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवर, होणाऱ्या व्यवहारात बीएल तसेच काढावे लागते. पैसे मिळेपर्यंत मालावरचा हक्क बँकेच्या हातात राहावा, एवढाच त्याचा अर्थ. पण युद्धाच्या नजरेने पाहिले, तर ज्या कागदावर घेणाऱ्याचे नाव नाही तो कागद काहीतरी लपवतो आहे.

पहिल्या महायुद्धात ही नजर अधिक करडी झाली. १९०९मध्ये लंडनमध्ये नौदलप्रमुख राष्ट्रांनी बसून एक जाहीरनामा तयार केला होता आणि त्यात मालाचे तीन वर्ग केले होते: निखालस युद्धनिषिद्ध, सशर्त युद्धनिषिद्ध आणि मोकळा. शस्त्रे पहिल्या वर्गात, धान्य दुसऱ्या वर्गात आणि कच्चा कापूस तिसऱ्या, म्हणजे कधीही हात न लावण्याच्या वर्गात. हा जाहीरनामा कधी पक्का झालाच नाही. युद्ध सुरू झाल्यावर ऑक्टोबर १९१४च्या हुकमाने ब्रिटनने ठरवले की ‘टू ऑर्डर’ असलेला सशर्त वर्गातील माल तटस्थ बंदराकडे चालला असला तरी पकडता येईल. पुढे ११ मार्च १९१५च्या हुकमाने जर्मनीकडे जाणारा किंवा तेथून येणारा जवळजवळ कोणताही माल अडवण्याची मुभा घेतली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कापूसही निखालस युद्धनिषिद्ध ठरला, कारण बंदुकीच्या दारूसाठी लागणारे नायट्रोसेल्युलोज तेव्हा मुख्यतः कापसापासून बनत असे. सहा वर्षांपूर्वी ज्याला ‘मोकळा’ म्हटले होते, त्याची ही गत झाली. अमेरिकेने तक्रारी केल्या, तेव्हा ब्रिटनने तिला तिच्याच यादवी युद्धातील निकाल काढून दाखवले. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे.

प्रत्यक्ष कामकाज कसे चाले, हे कागदपत्रांच्या माणसाला विशेष रंजक वाटेल. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील थंड पाण्यात ब्रिटिश जहाजे गस्त घालत. अटलांटिकवरून डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनकडे जाणारे तटस्थ जहाज दिसले की त्याला थांबवून ऑर्कनी बेटांतील कर्कवॉल येथे नेले जाई. तेथे मालाची यादी लंडनला कळवली जाई, आणि लंडनमधील कारकून आधीच्या तारा, व्यापाऱ्यांची नावे आणि त्या देशाची नेहमीची आयात ताडून पाहत. ‘किम’ आणि तिच्याबरोबरच्या आणखी तीन जहाजांचा खटला यातूनच उभा राहिला. ही जहाजे कोपनहेगनला डुकराची चरबी आणि इतर खाद्यपदार्थ घेऊन चालली होती. डेन्मार्क एरवी वर्षाला जेवढी चरबी मागवत असे, त्याच्या कितीतरी पट चरबी ही चार जहाजे काही आठवड्यांत तेथे नेत होती, तेव्हा ती जर्मनांसाठीच आहे असे न्यायाधीश सर सॅम्युअल एव्हान्स यांनी १९१५मध्ये ठरवले आणि बहुतांश माल जप्त केला. साक्षीपुरावा म्हणून कुणी तोफगोळा दाखवला नाही, आयातीचे आकडे दाखवले.

असे अडकू नये म्हणून व्यापाऱ्यांनी आणि सरकारांनी नवे उपाय काढले. हॉलंडमध्ये नेदरलँड्स ओव्हरसीज ट्रस्ट स्थापन झाला. माल त्याच्या नावे पाठवायचा आणि ट्रस्टने हमी द्यायची की तो पुढे जर्मनीला जाणार नाही. १९१६मध्ये ‘नॅव्हिसर्ट’ आले. माल जहाजात चढण्यापूर्वीच ब्रिटिश अधिकाऱ्यांकडून दाखला घ्यायचा, म्हणजे समुद्रात कुणी फारसे अडवत नसे. दुसऱ्या महायुद्धात हीच पद्धत पुन्हा आली. मराठी वाचकाला हे फार परके वाटू नये. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आपला ‘कार्ताझ’ नावाचा परवाना नसलेली जहाजे लुटत, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कान्होजी आंग्रे यांचे दस्तक घेतल्याशिवाय कोकणपट्टीवरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाची खैर नसे. इंग्रज कान्होजींना समुद्री चाचा म्हणत, ते मुख्यतः या दस्तकावरूनच. पुढे दोनशे वर्षांनी त्यांनी तेच काम केले आणि त्याला प्रमाणपत्र म्हटले.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. त्या युद्धात आपला कापूस तटस्थ नव्हता. हिंदुस्थान ब्रिटनच्या बाजूने युद्धात ओढला गेला होता आणि निजामाचे संस्थानही. युद्धापूर्वी आपल्या आखूड धाग्याच्या रुईचे जर्मनी हे मोठे गिऱ्हाईक होते, ते एका रात्रीत शत्रू झाले. माझे पणजोबा सेलूच्या बाजारात कापसाचे तोलाईदार होते. फसली १३२३ सालच्या अखेरीस, म्हणजे १९१४च्या ऑगस्टमध्ये, बाजारातला भाव कसा बसला याची गोष्ट आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात असे. आडत्यांनी गाठी उचलायला नकार दिला, गोदामांतून जुनी रुई पडून राहिली, आणि निजामाच्या हाली शिक्क्याच्या रुपयांत आगाऊ उचल घेतलेल्या शेतकऱ्यांच्या दारात सावकार येऊन बसू लागले. पणजोबांना हॅम्बुर्ग हे गावाचे नाव आहे हे त्या वर्षी कळले, असे आजोबा सांगत.

हॅम्बुर्गचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण माझ्या कंटेनरचे नशीब ज्या खटल्याने ठरवले, तो हॅम्बुर्गला निघालेल्या जवसाचा आहे. अर्जेंटिनाहून सँडे नावाच्या ब्रिटिश व्यापाऱ्यांचे जवस आणि बार्ली ब्रिटिश जहाजांतून हॅम्बुर्गला चालले होते. युद्ध सुरू झाले, शत्रूशी व्यापार बेकायदा ठरला आणि जहाजे इंग्लंड-स्कॉटलंडच्या बंदरांकडे वळवून माल तेथे उतरवावा लागला. जवस शाबूत होते. एक दाणाही भिजला नव्हता. तरी व्यापाऱ्यांनी विमा कंपनीवर दावा लावला की, आमचा विमा केवळ दाण्यांचा नव्हता, ते दाणे हॅम्बुर्गला पोहोचण्याचा होता, आणि तो प्रवासच बुडाला. १९१६मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने व्यापाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. मराठवाड्यातही जवसाचे पीक घेतले जाते, त्यामुळे असेल कदाचित, पण हा निकाल वाचून मला पक्षपाती आनंद झाला.

तो आनंद फार टिकला नाही. विमा कंपन्या अशा निकालावर गप्प बसत नसतात. त्यांनी पॉलिसीत एक कलम घातले, ज्याप्रमाणे केवळ प्रवास खंडित झाला किंवा निष्फळ ठरला एवढ्या कारणावर कोणताही दावा करता येत नाही. प्रत्यक्ष मालाचे नुकसान दाखवावे लागते. हे कलम आजच्या युद्धविम्याच्या अटींतही जसेच्या तसे आहे. मी आमची पॉलिसी काढून ते कलम शोधले, तेव्हा ते तिसऱ्या पानावर होते आणि त्याचा मजकूर दोन ओळींचाही नव्हता.

त्या पानावर दुसरी एक अटही होती, जी मी बावीस वर्षांत कधी नीट वाचली नव्हती. समुद्री मालाच्या युद्धविम्याचे संरक्षण माल जहाजावर असेपर्यंतच असते. शेवटच्या बंदरात माल जहाजावरून उतरला, किंवा जहाज तेथे पोहोचल्यावर १५ दिवस झाले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा ते संपते. आणि जहाज कंपनीने वाटेतल्या बंदरातच करार संपवला, तर तेच शेवटचे बंदर समजले जाते. १९३०च्या दशकात, विमानांतून बंदरांवर बाँब पडण्याचे दिवस आले, तेव्हा एकाच गोदामात साठलेल्या कोट्यवधींच्या मालाची जोखीम नको, म्हणून विमा कंपन्यांनी आपसांत हे ठरवून घेतले. परिणामी आमचा कंटेनर क्रेनने ज्या क्षणी धक्क्यावर ठेवला, त्या क्षणी त्याचे युद्धापासूनचे संरक्षण संपले होते. एरवीच्या विम्याचे संरक्षणही करार असा मध्येच संपला की थांबते; मात्र ताबडतोब कळवून जादा हप्ता भरला तर ते चालू ठेवता येते. ते पत्र मी मेल आल्यापासून दोन तासांत पाठवले होते, आणि या सगळ्या प्रकरणात माझ्याकडून वेळेवर झालेली गोष्ट तेवढी एकच होती.

जहाज कंपनीचे म्हणणेही कागदावर पक्के होते. बीएलच्या मागच्या बाजूला, भिंग लावून वाचावे लागेल इतक्या बारीक अक्षरांत, एक कलम असते. प्रवासात धोका किंवा अडथळा उद्भवल्यास वाहतूकदाराने माल त्याला सोयीच्या व सुरक्षित वाटेल त्या ठिकाणी उतरवावा आणि आपली जबाबदारी संपवावी, भाडे मात्र पूर्ण घ्यावे, असा त्याचा मथितार्थ आहे. आमच्या वकिलांनी ते वाचून फक्त मान हलवली.

आपला देश या व्यवहारात नेहमी अडवलेलाच होता असे समजू नये. १९६५च्या युद्धात भारत आणि पाकिस्तान या दोघांनीही एकमेकांची जहाजे पकडली आणि आपल्या बंदरांत आलेल्या जहाजांवरून एकमेकांच्या नावचा माल उतरवून घेतला. पुढे जानेवारी १९६६च्या ताश्कंद जाहीरनाम्यात अशी ताब्यात घेतलेली मालमत्ता परत करण्याबाबत चर्चा करण्याचे ठरले. १९७१मध्ये आपल्या संसदेने प्राइझ कोर्टांसाठी नौदल आणि विमान प्राइझ कायदा केला. त्याच डिसेंबरात आपल्या नौदलाने कराचीवर क्षेपणास्त्रे डागली, तेव्हा बंदराजवळ नांगरलेल्या परदेशी निशाणाच्या व्यापारी जहाजांनाही ती लागली. कराचीवरच्या त्या हल्ल्यांचा अभिमान मलाही आहे, पण माझ्या धंद्यामुळे असेल, त्या परदेशी जहाजांत कुणाचा माल होता आणि त्यांचे बीएल कुणाच्या टेबलावर पडून राहिले, हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही.

आता अलीकडचे. १३ ऑगस्ट २०२३ रोजी काळ्या समुद्रात रशियाच्या युद्धनौकेने पलाऊचे निशाण लावलेल्या ‘सुक्रू ओकान’ या जहाजावर इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या, हेलिकॉप्टरने माणसे उतरवून तपासणी केली आणि मग त्याला युक्रेनच्या इझमाईल बंदराकडे जाऊ दिले. यात दांडगाई होती, पण जुन्या नियमांची निदान ओळख होती: थांबवा, पाहा, सोडा. तांबड्या समुद्रात तीही उरली नाही. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनमधील हूथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज हेलिकॉप्टरने उतरून ताब्यात घेतले. बहामाचे निशाण, जपानी कंपनी चालवणारी, मालकीत इस्रायली संबंध आणि जायचे ठिकाण गुजरातचे पिपावाव. खलाशांपैकी एकही इस्रायली नव्हता. त्यांना सुटायला २०२५चा जानेवारी उजाडला. ते जहाज पकडल्यानंतर पाच महिन्यांनी, १३ एप्रिल २०२४ रोजी, इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्डने होर्मुझजवळ पोर्तुगीज निशाणाचे ‘एमएससी एरीज’ पकडले. ते न्हावाशेव्याला येत होते आणि त्यावरच्या २५ जणांपैकी १७ भारतीय होते. ही जहाजे पकडताना कुणी मालाची यादी मागितल्याचे ऐकिवात नाही. जहाजाच्या मालकाचा मालक कोण, एवढेच पाहिले गेले. आतला माल भारताचा, चीनचा की इटलीचा, याला किंमत राहिली नाही.

‘काबिंगा’ सोडणाऱ्या कप्तानाला मी उगाच थोर ठरवत नाही. त्याने इतर जहाजे बुडवलीच. पण त्याला माल आणि जहाज यांतला फरक कळत होता, आणि तो फरक कळण्याचा फायदा समुद्रापासून दूर असलेल्या, केवळ मालाचा धनी असलेल्या माणसाला होत होता. आज निशाण सोयीने निवडलेल्या देशाचे, मालकी तीन देशांतील कंपन्यांत विखुरलेली आणि एका जहाजात हजारो लोकांचे कंटेनर, अशा अवस्थेत तटस्थ म्हणायचे कुणाला, हाच मोठा प्रश्न आहे. मला त्याचे उत्तर कायद्यात दिसत नाही. मला ते फक्त अधिभाराच्या बिलात दिसते. २०२४च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजाचा युद्धजोखमीचा हप्ता एका फेरीला जहाजाच्या किमतीच्या सुमारे एक टक्क्यापर्यंत गेला होता. बहुतेक मोठी जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, त्यात दहा ते चौदा दिवस वाढले, आणि रिकामे कंटेनर वेळेवर परत न आल्याने माळीवाड्याच्या डेपोतही चांगला कंटेनर मिळवायला रांग लागू लागली.

रांगेवरून आठवले. त्याच वर्षीच्या रब्बीत माझा चुलतभाऊ सेलूहून फोनवर म्हणाला, “दादा, चार दिवस झाले डीएपी खताच्या रांगेत उभं आहे. दुकानदार म्हणतो समुद्रात लढाई चालू आहे. आमच्या हरभऱ्याचं अन् समुद्राचं काय?” मी त्याला सांगितले की जॉर्डनच्या अकाबा बंदरातून येणारे फॉस्फेट तांबड्या समुद्राच्या तोंडातूनच बाहेर पडते, मोरोक्कोचेही नेहमी सुएझमार्गे त्याच वाटेने येते, आणि टंचाईला इतर कारणे असली तरी हे एक आहे. मार्चमध्ये हूथींच्या हल्ल्यानंतर ‘रूबीमार’ नावाचे जहाज सुमारे २१ हजार टन खतासह बुडाले, तेही मी त्याला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “एवढं खत पाण्यात? एका पोत्यासाठी इथं माणसं भांडायलीत.”

आमचा कंटेनर वाटेतल्या त्या बंदरात ३१ दिवस पडून राहिला. पहिले काही दिवस मोफत, त्यानंतर रोजचे डेमरेज, म्हणजे कंटेनर पडून राहिल्याचे शुल्क, पुढे नव्या जहाजाचे भाडे आणि त्यावर अधिभार. करार सीआयएफ (किमतीत विमा आणि जहाजभाडे धरलेला) असल्याने न्हावाशेव्याला माल जहाजावर चढताच जोखीम खरेदीदाराकडे गेली होती, आणि बँकेनेही कागद बरोबर आहेत एवढे पाहून आमचे पैसे दिले होते. कायद्याने आम्ही मोकळे होतो. पण चौदा वर्षांचे गिऱ्हाईक कायदा दाखवून राखता येत नाही. आमच्या मालकांनी अर्धा खर्च उचलला. माल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात जेनोव्याला पोहोचला, सील जसेच्या तसे होते, आणि खरेदीदाराने पोहोच देताना फक्त एवढेच लिहिले की पॅलेटच्या लाकडाला समुद्राचा वास लागला आहे.

जहाज कंपनीकडे आम्ही त्या खर्चाची मागणी लेखी नोंदवली आहे. ती मंजूर झाली नाही आणि फेटाळलीही गेली नाही. हिशेबात ती रक्कम ‘येणे’ या सदराखाली उभी आहे, आणि दर मार्चअखेर लेखापरीक्षक त्या ओळीवर बोट ठेवून मला विचारतात की ही रक्कम खरोखर येणार आहे का. मी बीएलची प्रत त्यांच्यापुढे ठेवतो. ते ती उलटी करतात, मागचे बारीक अक्षर पाहतात, चष्मा काढतात आणि पुढच्या ओळीकडे जातात.